कुत्र्यांच्या जाहिरातीसाठी काढलेला संघ

१९२२ साली अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलचा संघ काढायचा तर लीगकडे १०० डॉलर भरावे लागत. त्याच सुमारास ओहायो राज्यातल्या लारू नावाच्या खेड्यात वॉल्टर लिंगो नावाचा गृहस्थ एकेक एअरडेल कुत्रा १५० डॉलरला विकत होता. एक कुत्रा विकला की संघ घेऊन वर पन्नास डॉलर शिल्लक. लिंगोने संघ घेतला, पण त्याच्या डोक्यातला हिशेब उलट्या बाजूने चालला होता. एका संघाच्या जिवावर कुत्रे किती खपतील, एवढंच त्याला पाहायचं होतं.

त्यातून जो संघ उभा राहिला त्याचं नाव ‘ऊरँग इंडियन्स’. ऊरँग हे ना गावाचं नाव, ना कुठल्या जमातीचं. ‘किंग ऊरँग’ नावाच्या एका नामांकित एअरडेल कुत्र्यावरून लिंगोने आपल्या श्वानशाळेला ते नाव दिलं आणि श्वानशाळेवरून संघाला. पुढे शंभर वर्षांत या लीगची उलाढाल अब्जावधी डॉलरवर गेली, पण कुत्र्याच्या नावाने खेळलेला आणि हजारभरही वस्ती नसलेल्या गावातून आलेला संघ तिच्या इतिहासात हा एकच. तो दोन हंगाम टिकला. वीस सामने खेळला, चार जिंकला.

फुटबॉल म्हणजे इथे आपल्याकडचा, पायाने खेळायचा नव्हे. अंडाकृती चेंडू काखोटीला मारून पळत सुटायचं आणि समोरच्या अकरांनी त्या एकाला आडवं करायचं, असा तो धसमुसळा प्रकार. विद्यापीठांच्या सामन्यांना तेव्हा प्रचंड गर्दी व्हायची. पैसे घेऊन खेळणाऱ्यांकडे मात्र सभ्य लोक जरा नाक मुरडूनच पाहत. १९२० मध्ये ओहायोतल्या कँटन शहरात, एका मोटारींच्या दुकानात बसून काही संघमालकांनी लीग स्थापन केली. १९२२ मध्ये तिचं नाव ‘नॅशनल फुटबॉल लीग’ झालं. त्या वर्षी तिच्यात अठरा संघ होते आणि त्यांत कँटन, अॅक्रन, डेटन, रसीन, ग्रीन बे अशी कारखानदारीची मधली-धाकटी गावंच जास्त. कुणीही यावं आणि संघ काढावा असे ते दिवस होते.

लिंगो फुटबॉलमधला माणूस नव्हता. तो कुत्र्यांमधला माणूस होता. एअरडेल ही इंग्लंडातल्या यॉर्कशरची, एअर नदीच्या खोऱ्यातली जात. टेरियर कुत्र्यांत सर्वांत थोराड. नदीकाठी पाणमांजरांची शिकार करण्यासाठी ती तयार झाली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हे कुत्रे खंदकांमधून निरोप पोचवायला वापरले आणि त्यांचं नाव झालं. युद्धानंतर अमेरिकेत एअरडेल पाळण्याची टूम निघाली. व्हाइट हाउसमध्येही एक होता. राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांचा ‘लॅडी बॉय’ मंत्रिमंडळाच्या बैठकीला आपल्या स्वतंत्र खुर्चीवर बसत असे. गंमत म्हणजे हार्डिंग मूळचे मॅरियनचे, म्हणजे लारूच्या शेजारच्या तालुक्याच्या गावचे. तिथलं वर्तमानपत्रही त्यांचंच. त्यांचा कुत्रा मात्र लिंगोकडचा नव्हता, टोलेडोच्या श्वानशाळेतला होता. लिंगोला ते किती लागलं असेल याची कल्पनाच केलेली बरी, कारण नामवंतांना आपला कुत्रा देणं आणि मग ते नाव जाहिरातीत वापरणं हा तर त्याचा हातखंडा.

धंदा टपालावर चालायचा. गिऱ्हाइकाने पत्र लिहावं, पैसे पाठवावेत, लिंगोने पिल्लू खोक्यात घालून रेल्वेने रवाना करावं. त्यामुळे जाहिरातीवरच सगळी भिस्त. आणि लिंगोच्या डोक्यात एक खूळ पक्कं बसलं होतं, की एअरडेल कुत्रा आणि अमेरिकेतला मूळचा ‘इंडियन’ यांच्यात शिकारीचं काही गूढ नातं आहे. ज्या कुत्र्याची पैदासच एकोणिसाव्या शतकात यॉर्कशरच्या गिरणी-कामगारांनी केली, त्याचं ओहायोच्या जंगलातल्या शिकाऱ्याशी कसलं आलंय जन्मोजन्मीचं नातं! पण जाहिरातीला असल्या शंका परवडत नाहीत.

१९२१चा हंगाम संपल्यावर जिम थॉर्प आणि पीट कॅलॅक हे दोन खेळाडू लिंगोकडे शिकारीला आले. शिकार झाली, गप्पा झाल्या, आणि संघ निघाला. अट एकच होती: सगळे खेळाडू इंडियन हवेत. थॉर्पने खेळायचं, खेळाडू गोळा करायचे, त्यांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात श्वानशाळेचं कामही बघायचं. त्यासाठी त्याला आठवड्याला ५०० डॉलर कबूल केले, असं सांगतात.

थॉर्प म्हणजे काय चीज होती, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो सॅक अँड फॉक्स जमातीचा, ओक्लाहोमाकडचा. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथ्लॉन आणि डेकॅथ्लॉन अशी दोन सुवर्णपदकं एकट्याने मारली. दुसऱ्याच वर्षी उघडकीला आलं, की १९०९-१०च्या उन्हाळ्यांत नॉर्थ कॅरोलायनात तो किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. ऑलिंपिक तेव्हा ‘हौशी’ खेळाडूंचं. पदकं काढून घेतली गेली. (ती त्याच्या वारसांना १९८३ मध्ये मिळाली, तीही प्रतिकृती, आणि निर्विवाद एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ उजाडलं.) १९२० मध्ये नव्या लीगने त्याला पहिला अध्यक्ष केलं. कारभार त्याला जमेल म्हणून नव्हे. त्याचं नाव छापलं की वर्तमानपत्रं बातमी देत म्हणून. लिंगोने काही नवीन शोधलं नव्हतं, थॉर्पच्या नावाचा भाव आधीच ठरलेला होता.

खेळाडू गोळा झाले ते बरेचसे एकाच दारातून. पेनसिल्व्हेनियातली कार्लाइल इंडियन स्कूल. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने जुन्या छावणीत ही शाळा काढली. दूरदूरच्या आरक्षित प्रदेशांतून मुलं आणायची. आल्या आल्या त्यांचे लांब केस कापायचे, अंगावर गणवेश चढवायचा, नाव बदलायचं, आपली भाषा बोलला तर शिक्षा करायची. मुलातला इंडियन मारला की माणूस वाचेल, असं प्रॅटचं उघड तत्त्वज्ञान होतं. या शाळेने एक गोष्ट मात्र अशी केली की जिचा प्रॅटलाही नंतर अभिमान वाटला असेल: तिने फुटबॉलचा एक भन्नाट संघ घडवला. पॉप वॉर्नर हा प्रशिक्षक. १९११ मध्ये या मुलांनी हार्वर्डला १८-१५ असं हरवलं. १९१२ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला तिच्याच मैदानावर २७-६. त्या दिवशी लष्कराकडून खेळणाऱ्यांत ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण होता. थॉर्प त्या संघात होता, कॅलॅक होता आणि जो गायन हा चिपेवा जमातीचा दणकट गडीही होता. १९१८ मध्ये शाळा बंद पडली, छावणी पुन्हा लष्कराकडे गेली. चार वर्षांनी तिचे जुने विद्यार्थी लारूला जमले ते अंगावर पुन्हा पिसं चढवायला.

जमलेल्यांत चिपेवा होते, चेरोकी होते, कॅलिफोर्नियातल्या मिशन जमातींचे होते. काहींची चाळिशी आली होती. कार्यक्रमपत्रिकेवर नावं अशी: बिग बेअर, अॅरोहेड, वॉर ईगल, लोन वुल्फ, रनिंग डिअर. काही खरी, काही जाहिरातीच्या कृपेने. निक लासा या फ्लॅटहेड जमातीच्या पहिलवानाचं नाव ‘लाँग टाइम स्लीप’. सकाळी त्याला उठवणं हे एका माणसाचं काम नव्हतं म्हणून ते पडलं.

सराव म्हणजे निम्मा फुटबॉल आणि निम्मी कुत्र्यांची चाकरी. कुत्र्यांना फिरवायचं, शिकवायचं, त्यांच्याबरोबर रानातून पळायचं. लारूत धड मैदान नव्हतं आणि लिंगोला त्याची गरजही नव्हती. कुत्रे विकायचे ते शिकागो, बफेलो, मिलवॉकीच्या लोकांना. मग सामने तिकडेच व्हायला हवेत. वीसपैकी ‘घरचा’ म्हणावा असा सामना एकच झाला, तोही मॅरियनला. तिथे ऊरँगने कोलंबस पॅनहँडल्सला २०-६ असं हरवलं. त्याआधी सलामीलाच डेटनने त्यांचा ३६-० असा फडशा पाडला होता, आणि पुढे अॅक्रनने तर ६२-०. थॉर्प बराच काळ बाजूला बसून राही, स्वतः क्वचित उतरे. त्या पहिल्या वर्षी तीन विजय, सहा पराभव. विजयांतले दोन त्याच बिचाऱ्या कोलंबसविरुद्धचे आणि तिसरा बफेलोविरुद्ध १९-७ असा, जो खरोखर चांगला होता.

पण लोक सामना बघायला येतच नव्हते. ते मध्यंतर बघायला येत.

आज त्या लीगच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात जगातले सर्वांत महागडे गायक गातात. तेव्हा मध्यंतर म्हणजे खेळाडूंनी पाणी प्यायचं, श्वास घ्यायचा आणि प्रेक्षकांनी पाय मोकळे करायचे. तेव्हा तेच अकरा गडी चढाईही करत आणि बचावही, त्यामुळे या विश्रांतीची फार गरज असे. लिंगोच्या गड्यांना ती नव्हती. अर्धा सामना खेळून, चिखलाने माखून आत गेले की ते वेश बदलून पुन्हा मैदानात. नेमबाजी, आणि पडलेली निशाणं उचलून आणायला धावणारे एअरडेल. सुऱ्या आणि टोमाहॉक फेकण्याचे खेळ. दोरीचे फास. जिवंत रॅकून सोडून त्याचा कुत्र्यांकडून माग काढवणं आणि त्याला झाडावर चढायला लावणं. लाँग टाइम स्लीप अस्वलाशी कुस्ती करायचा, खऱ्या अस्वलाशी. मग नाच. आणि शेवटी महायुद्धातला एक प्रवेश: जर्मनांशी लढणारे अमेरिकी इंडियन टेहळे, आणि जखमींपर्यंत प्रथमोपचाराचं सामान पोचवणारे रेडक्रॉसचे एअरडेल. या प्रवेशात काम करणाऱ्यांपैकी काही जण खरोखर त्या युद्धावर जाऊन आले होते. कॅलॅक त्यांतला एक. दोन-चार वर्षांपूर्वी युरोपात जे अंगावर घेतलं, त्याचीच नक्कल बफेलोच्या थंडीत कुत्र्यांच्या खपासाठी करायची.

त्यातला नाचाचा भाग मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. १९२१च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनमधल्या इंडियन व्यवहार खात्याचे आयुक्त चार्ल्स बर्क यांनी १६६५ क्रमांकाचं परिपत्रक काढलं होतं. आरक्षित प्रदेशांतले पारंपरिक नाच आवरा, असा त्याचा रोख. १९२३च्या फेब्रुवारीत, म्हणजे ऊरँगच्या दोन हंगामांच्या मधोमध, त्याला पुरवणी जोडली गेली. नाच महिन्यातून एकदाच, दिवसाउजेडी, आठवड्याच्या मध्ये. आणि पन्नाशीच्या आतल्यांनी नाचूही नये की बघायलाही येऊ नये, अशा तिच्यातल्या शिफारशी. आपल्या लोकांत, आपल्या सणाला नाचणं हा सरकारच्या लेखी वेळेचा अपव्यय. गोऱ्या प्रेक्षकांपुढे तिकीट लावून, कुत्र्यांच्या जाहिरातीसाठी तिशीतल्या माणसांनी नाचणं ही निर्मळ करमणूक. आणि हेही ध्यानात ठेवायला हवं, की मूळ अमेरिकी लोकांपैकी अनेकांना तेव्हा अमेरिकेचं नागरिकत्वसुद्धा नव्हतं. सर्वांना ते देणारा कायदा २ जून १९२४ला झाला. ऊरँगचा शेवटचा सामना त्याआधी सहा महिने संपला होता.

म्हणून या माणसांना नुसते बिचारे समजावं का? लिऑन बाउटवेल हा चिपेवा जमातीचा खेळाडू पुढे या दिवसांबद्दल बोलला तेव्हा त्याच्या स्वरात कीव मागणं अजिबात नव्हतं. त्याचं म्हणणं साधारण असं: गोऱ्यांना वाटायचं आम्ही सगळे रानटी. प्रत्यक्षात आमच्यातले बहुतेक कॉलेजात शिकलेले, त्यांच्यापेक्षा सुसंस्कृत. पण त्यांचा हा समज आमच्या पथ्यावर पडला. गोऱ्यांना जे खपलं नसतं ते आम्ही बिनधास्त करायचो, आणि ‘इंडियनच ते’ म्हणून लोक सोडून द्यायचे.

त्याचे किस्से भरपूर आहेत आणि त्यांतले किती खरे ते सांगणाऱ्यांच्या भरवशावर सोडलेलं बरं. शिकागोत एका रात्री दारूच्या अड्ड्यावर (दारूबंदीचे दिवस होते, म्हणून अड्डाच) मालक बंद करायची वेळ झाली म्हणू लागला, तेव्हा या मंडळींनी त्याला टेलिफोनच्या खोक्यात कोंडलं, खोकं उलटं केलं आणि पहाटेपर्यंत पीत बसले. सेंट लुइसमध्ये रात्री मुक्कामी परतायला ट्राम मिळाली, पण तिचं तोंड उलट्या दिशेला. मग सगळ्यांनी मिळून ती रुळांवरून उचलली आणि फिरवून ठेवली. दुसऱ्या दिवशी सामना असे, याची फिकीर दिसत नाही. ज्यांना आयुष्यभर शिस्त लावली गेली, त्यांनी बेशिस्तीचा परवाना मिळाल्यावर तो पुरेपूर वापरला. मला ही दोन टोकं वेगळी करता येत नाहीत. प्रेक्षक त्यांना हसत होते, आणि तेही प्रेक्षकांना.

१९२३ मध्ये गाडी घसरली. नवलाई ओसरली होती. अस्वल एकदा बघितलं की दुसऱ्यांदा बघायला कोण पैसे मोजणार? गडी वर्षाने म्हातारे झाले होते. थॉर्पची पस्तिशी उलटली होती. पहिल्या नऊ सामन्यांत ऊरँगचे मिळून गुण झाले अवघे १२, आणि प्रतिस्पर्ध्यांचे २३५. बफेलोने मागच्या वर्षीचा वचपा ५७-० असा काढला.

त्या वर्षातलं एकच दृश्य लोकांच्या आठवणीत राहिलं. ४ नोव्हेंबर, शिकागो, पाऊस, मैदानाचा चिखल. शिकागो बेअर्सची गोलरेषा दोन-तीन यार्डांवर, आणि चेंडू थॉर्पच्या हातात. दहा वर्षांपूर्वीचा थॉर्प असता तर समोरचे गडी उधळून तो पलीकडे पोचला असता. इथे टक्कर बसली आणि ओला चेंडू हातातून निसटला. तो उचलला जॉर्ज हॅलसने. हॅलस बेअर्सचा खेळाडू, प्रशिक्षक आणि मालकही, वय अठ्ठावीस. त्याने उलट्या दिशेला धूम ठोकली. मागून थॉर्प. हॅलस पुढे अनेक वर्षं ही गोष्ट रंगवून सांगत असे: मागचा श्वास जवळ आल्यासारखा वाटायचा, मग तो वाकडातिकडा पळायचा, की अवजड थॉर्पला वळताना वेळ लागावा. ९८ यार्ड पळून हॅलसने टचडाउन केला. सुटलेला चेंडू उचलून पळण्याचा तो लीगमधला विक्रम एकोणपन्नास वर्षं टिकला. १९७२ मध्ये जॅक टेटमने तो मोडला. जगातला सर्वश्रेष्ठ धावपटू म्हणून ज्याचं नाव होतं, त्याला शिकागोच्या चिखलात एक बेताच्या वेगाचा माणूस सापडला नाही. सामना बेअर्सने २६-० असा जिंकला.

शेवटी शेवटी मात्र गड्यांना अवसान चढलं. शिकागो कार्डिनल्सशी ते १९-२२ असे थोडक्यात हरले आणि शेवटच्या सामन्यात लुइव्हिलला १९-० असं हरवलं. एका हंगामात एक विजय, दहा पराभव. लिंगोने हात आखडता घेतला. त्याचं काम झालं होतं. एअरडेलचं नाव देशभर झालं होतं. संघ तोट्यात गेला म्हणून त्याला कुणी नावं ठेवू नयेत, जाहिरातीचा खर्च असतोच.

गडी पांगले. थॉर्प आणि गायन १९२४ मध्ये रॉक आयलंडला खेळले. गायनने १९२७ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सबरोबर विजेतेपद मिळवलं आणि १९६६ मध्ये कँटनच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याला जागा मिळाली, थॉर्प तिथे पहिल्याच, १९६३च्या तुकडीत होता. कॅलॅक कँटन शहरात पोलीस झाला. लाँग टाइम स्लीप काही काळ लारूतच राहिला, मिळेल ते काम करत आणि जत्रांमधून कुस्त्या मारत.

थॉर्प १९२८ पर्यंत या ना त्या संघात दिसत राहिला. मंदी आली तेव्हा तो कॅलिफोर्नियात होता, आणि हॉलिवूडमध्ये किरकोळ भूमिका करू लागला. बहुतेक वेळा पिसांचा मुकुट घातलेला जमातीचा म्होरक्या. तिथे त्याची तक्रार वेगळीच होती. स्टुडिओवाले गोऱ्या नटांना रंग फासून इंडियन करत, आणि खरे इंडियन कामाविना बसून राहत. असल्या भूमिका खऱ्या इंडियनांनाच द्याव्यात म्हणून तो दारोदार भांडत राहिला. लारूत जे सोंग त्याच्या अंगावर आठवड्याच्या ५०० डॉलरांसकट आपण होऊन चालत आलं होतं, ते दिवसाच्या मजुरीवर तरी आपल्या माणसांना मिळावं, इतकंच आता त्याचं मागणं होतं.